बारावी हजेरी

पटत नसेल तर सोडून द्या. पण हे माझ्यासमोर घडलंय, भरदुपारी.

गेल्या महिन्यातला शनिवार. मुलीच्या ऑफिसखालच्या गॅलरीत रस्त्यावरच्या फोटोंचं प्रदर्शन होतं. ती सुटेपर्यंत वेळ काढायचा म्हणून सात वर्षांच्या नातीला, टिकलीला, घेऊन मी आत शिरलो.

हॉलमध्ये आम्ही दोघं. आणि दाराशी मोबाइलमध्ये डोकं घालून बसलेली फोटोग्राफर.

मी जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं. खोड जात नाही. एका मोठ्या फोटोत उन्हातला चौक होता, रस्ता ओलांडणारी माणसं होती.

"चल, यांची हजेरी घेऊ. मी नंबर म्हणतो, तू त्यांच्या वतीने बोल. एक."

"हजर." टिकलीने फोटोतल्या जाड्या काकांसाठी घोगरा आवाज काढला.

"सात."

"तो फोनवर आहे, आजोबा. गैरहजर मांडा."

अकराव्याला माणसं संपली. टिकलीने मात्र खांबाजवळ बोट दाखवलं. तिथे एका मुलीची सावली पडली होती. दोन वेण्यांची.

सावलीजवळ मुलगी मात्र... नव्हती.

मी गमतीत म्हणून गेलो, "बारा."

"हजर."

टिकलीचं तोंड बंद होतं.

आवाज आमच्या मागून आला होता...

मी वळलो. मागे कुणी नाही. फोटोग्राफरने मान वर केली.

"तुम्ही बोललात?"

"नाही. का?"

"टिकली, तू?"

"मी बोलणारच होते, आजोबा. तीच आधी बोलली."

फोटोग्राफरला सावली दाखवायला पुन्हा फोटोकडे वळलो, तर खांबाजवळ... नुसतं ऊन.

"इथे कसलीच सावली नव्हती," ती म्हणाली. जरा घाईनेच.

तेव्हापासून घरात शिरल्यावर टिकली दार लगेच लावू देत नाही. हाताने धरून ठेवते. मग म्हणते, "आता लावा."

"खेळ असतो बाबा पोरांचा. तुम्हीच लाडावून ठेवलंय," मुलगी म्हणते.

असेलही. पण मुलांचे खेळ मी चाळीस वर्षं पाहिलेत. खेळताना मुलं चोरून आपल्याकडे बघतात, आपण फसलो का ते. टिकली माझ्याकडे बघतच नाही.

आज दुपारी तिने दार धरलं. बराच वेळ. "आता लावा" म्हणालीच नाही.

"काय झालं गं?"

"ती आज आत येत नाहीये, आजोबा. म्हणते, तूच बाहेर ये."

मी तिला आत ओढलं आणि दोन्ही कड्या लावल्या.

आत्ता ती आतल्या खोलीत गणितं सोडवतेय. मी दाराला खुर्ची टेकवून बसलोय. मुलगी सहाला येईल. अजून चारही वाजले नाहीत.

पण मघापासून बाहेरून कुणीतरी... अगदी हळू... दार वाजवतंय.