नाव घातलेला कर

बोरजाईच्या एसटी स्टँडवर नळाची तोटी फिरवली, की पाण्याआधी नाव यायचं. तोटीच्या वर बोटभर काच होती. तिच्यावर अक्षरं उमटायची: ‘हे पाणी यमुना खरात यांच्या करातून. शिवणकाम, जालना.’ मग पाणी. लोक ओंजळ धरता धरता सवयीनं म्हणायचे, “बरं हो, यमुनाबाई,” आणि प्यायचे. तिकडे जालन्यात यमुनाबाईंच्या फोनवर एक टिंब लुकलुकायचं, की आत्ता कुणीतरी तुमचं पाणी प्यालं.

ही सगळी करामत हेमांगी तोडकरची. ती मूळची बोरजाईचीच. पूर्वी कर भरला की तो सरकारी तिजोरीत जाऊन असा मिसळायचा, की त्याचं पुढे काय झालं ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं. म्हणून तर लोक कुरकुरायचे, चुकवायचे. हेमांगीनं ‘मागमुद्रा’ शोधून काढली. मागमुद्रा म्हणजे करातल्या प्रत्येक पैशाला लागलेली खूण. पैसा कितीही हात बदलो, शाळेत जावो की दवाखान्यात, तो मुळात कुणी भरला याचा माग त्या खुणेवरून लागतो. आणि ती पुसता येत नाही. पुसता येत नाही, याचंच तर जगानं कौतुक केलं होतं.

कल्पना तिला सुचली ती आईच्या स्वयंपाकघरातल्या मांडणीवरून. आपल्याकडे लग्नाकार्यात भांडं द्यायचं तर त्यावर नाव घालून देतात ना, तशी मांडणीभर भांडी होती. भात उकरताना आई हटकून म्हणायची, “हे कुसुमआत्याचं पातेलं हं!” आणि सगळ्यांच्या डोळ्यांपुढे आत्या उभी राहायची. वस्तूवर नाव असलं की तिच्यात माणूस दिसतो. मग करावरच नाव का घालू नये?

आणि काय सांगावं, लोक हौसेनं कर भरायला लागले! जन्मभर करबुडवेपणा केलेले व्यापारी नातवंडांना घेऊन आपल्या नावाचा पूल दाखवायला जाऊ लागले. कंपन्यांचे सल्लागार आजवर पळवाटा शोधायचे, ते आता जास्तीचा कर कुठे भरता येईल ते शोधू लागले. सरकारनंही वारा ओळखला. नाव दिसेल अशीच कामं निघाली. बागा झाल्या, दवाखाने झाले. गटारं तेवढी तुंबलेली राहिली, कारण गटारावर आपलं नाव कोण घालून घेणार? मोठ्या खर्चाला एकच करदाता जोडायचा, हा नियमही हेमांगीचाच. खर्च हजार जणांत वाटला, तर कुणालाच तो आपला वाटत नाही, असं तिनं सिद्ध करून दाखवलं होतं.

आज ती बोरजाईला आली होती ती मात्र भावाच्या जिवाच्या धास्तीनं. तिचा थोरला भाऊ सयाजी, त्याच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या. सरकारी हॉस्पिटलात रुग्णाच्याच पेशींपासून नवी किडनी वाढवून बसवत. सयाजीची वाढून तयार होती. ऑपरेशनच्या दिवशी तो गेला, खाटेवर बसला, उशाशी असलेल्या काचेवरचं नाव वाचलं आणि चपला घालून घरी निघून आला.

“काय रे दादा, हॉस्पिटलातून पळून आलास म्हणे?”

“पळून कसला, चांगला चालत आलो. बस. चहा टाकायला सांगू?”

सुनंदावहिनी दारातूनच म्हणाली, “चहाचं राहू दे. ताई, आता तुम्हीच सांगा यांना चार शब्द. माझं ऐकत नाहीत.”

काचेवर नाव होतं ‘रंगधारा उद्योग’.

रंगधारा म्हणजे नदीच्या वरच्या अंगाचा रंगाचा कारखाना. त्याचं पाणी नदीत आलं आणि सयाजीची रोपवाटिका जळून गेली. सयाजीनं खटला घातला. अर्धं गाव साक्षीला तयार होतं. मग एकेक जण गळत गेला. कुणी धमकावलं नाही, कुणी पैसे चारले नाहीत. पोरांच्या शाळेतल्या खिचडीवर रंगधाराचं नाव यायचं, म्हातारीच्या मोतीबिंदूवर यायचं, एवढंच. आता साक्षीला उरला होता एकटा सयाजी.

“दादा, हे दान नाहीये रे. कर आहे. त्यांना कायद्यानं भरावाच लागतो. तुझा हक्क आहे त्याच्यावर.”

“हक्क आहे ना? मग त्यावर नाव कशाला घातलंस?”

हेमांगीनं वहिनीकडे पाहिलं.

“मला शास्त्रातलं काही कळत नाही,” सयाजी म्हणाला. “पण डेअरीत आपण दूध घालतो, ते सगळ्या गावाचं एका टाकीत पडतं. मग कुणाच्या म्हशीचं कुठलं, कुणी विचारत नाही. त्या टाकीतलं दे ना मला पेलाभर. कुणा एकाचं नको. सगळ्यांचं दे.”

“ती टाकीच राहिली नाही रे आता.”

“मग माझ्यापुरती खूण पूस. तुझंच यंत्र ना ते?”

“नाही पुसता येत.”

“बरं, तुझ्या करातून होईल?”

“माझ्या वर्षभराच्या करातून हॉस्पिटलातली एक खाट होत नाही पुरती.”

सयाजी हसला. त्याच्या सुजलेल्या चेहऱ्यावरचं ते हसू बघून हेमांगीला राहवेना. ती हमसून हमसून रडायला लागली. कुठल्या पदव्या आणि कुठलं काय!

“आई गेली, बाबा गेले. मला तुझ्याशिवाय कोण आहे रे? आधी जग. खटला काय, नंतरही लढता येईल.”

“येईल म्हणतेस?”

“का नाही येणार? तुझं तोंड काय कुणी शिवलंय?”

सयाजीनं दारापलीकडच्या ओसाड वाफ्यांकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, “सुनंदा, पिशवी भर माझी.”

ऑपरेशन छान झालं. पावसाळा सरेपर्यंत सयाजीच्या अंगावर तुकतुकी आली. वहिनीनं हेमांगीला साडी नेसवून ओटी भरली. आणि दिवाळी झाल्यावर साक्षीची तारीख लागली.

हेमांगी मागच्या बाकावर बसली होती. तिची छाती अभिमानानं भरून आली होती. सयाजी पिंजऱ्यात उभा राहिला. त्याच्या वकिलांनी विचारलं, “नदीला रंगाचं पाणी येताना तुम्ही स्वतः पाहिलंत?”

सयाजीनं तोंड उघडलं. मिटलं. कपाळावरचा घाम पुसला. रंगधाराचे वकील समोर शांत बसून होते, त्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

“मला... नीट आठवत नाही, साहेब.”

साक्ष संपली, आणि खटलाही तिथेच संपल्यात जमा झाला.

बाहेर कडुलिंबाखाली हेमांगीनं त्याला गाठलं. “दादा, हे काय केलंस? कुणी काही बोललं का तुला?”

“छे गं. कुणी काही नाही बोललं. भेटायलासुद्धा आलं नाही कुणी.” तो पारावर टेकला. “हेमे, कुसुमआत्याशी बांधावरून आईचं वाजलं होतं, आठवतं?”

“आठवतं की.”

“सगळा पंधरवडा आई गप्प होती. आतल्या आत धुमसत होती, पण तोंडातून शब्द नाही. मग एक दिवस तिनं ते पातेलं लखलखीत घासलं आणि तुझ्या हातून आत्याकडे पोचतं केलं. पातेलं तिच्या घरात पोचलं, त्यानंतरच आई तिच्या दारात जाऊन भांडली. आणि काय भांडली! सगळी आळी गोळा झाली.”

हेमांगीला सगळं लख्ख आठवलं. ते पातेलं कमरेवर घेऊन तीच तर गेली होती. मागमुद्रा घडवताना तिला मांडणीवरची नावं आठवली, आत्याची माया आठवली. हे मात्र एकदाही आठवलं नाही. निदान एकदा तरी आठवायला हवं होतं, असं तिला वाटलं.

सयाजीनं कमरेवर, टाक्यांच्या जागी, तळवा ठेवला.

“आईला पातेलं परत करता आलं,” तो म्हणाला. “मी काय परत करू, हेमे?”