पांढऱ्या लेपाचा काळा रंग

सोमवारी दुपारी तारिणी बालवाडीतून घरी आली, तेव्हा तिच्या नाकाचा शेंडा, कानांच्या पाळ्या आणि दोन्ही खांदे भाजलेले होते. कातडी गडद, गरम आणि इतकी हुळहुळी झाली होती की तिला फ्रॉकचा स्पर्शही सोसवेना. गंमत अशी, की त्याच सकाळी तिच्या अंगावर सूर्यरक्षक लेप (उन्हातले घातक किरण अडवणारे मलम) लावलेला होता आणि त्या लेपाच्या नळीवर ठळक अक्षरांत आकडा होता : शंभर. उघडी छत्री डोक्यावर धरून चालणारा माणूस ओलाचिंब होऊन घरी यावा, तसा हा प्रकार.

शाळा-समितीने या कोड्याचे उत्तर मंगळवारी दुपारपर्यंत शोधूनही काढले. सूचनाफलकावर लावलेले ते उत्तर असे होते : ‘कु. तारिणी पावसकर (वय वर्षे चार) हिच्या त्वचेत दोष असल्याने तिला यापुढे कायमस्वरूपी काचघरात (काचेच्या बंद खोलीत) बसवण्यात यावे. अंतिम निर्णय पुढच्या आठवड्यातील शनिवारच्या पालकसभेत होईल.’ ज्या मुलीविषयी निर्णय घ्यायचा तिच्याकडे एकदाही न पाहता इतक्या लवकर निष्कर्षाला पोहोचणे भल्याभल्या विद्वानांना जमत नाही. नवे खारवीबंदर गावच्या समितीला ते जेवणाच्या सुट्टीआधी जमले.

समुद्र चढला, तेव्हा हे गाव जुना किनारा सोडून वरच्या सड्यावर (जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर) येऊन वसले होते. घरे नवी, शाळा नवी, वीज उन्हापासून बनणारी. फक्त झाड एकही नव्हते. म्हणून बालवाडीत एक यंत्रमानव नेमला होता. मैदानावर जाण्याआधी तो प्रत्येक मुलाला लेप लावी. मुले त्याला लेपोबा म्हणत.

तारिणीची मोठी बहीण केतकी अकरा वर्षांची होती. तिने ती सूचना तीनदा वाचली. रडली नाही. सूचना वहीत शब्दशः उतरवून घेतली, तारिणीचा हात धरला आणि दोन गल्ल्या पलीकडे आत्याआजीकडे गेली. आत्याआजी म्हणजे आजोबांची बहीण, डॉ. कुमुदिनी पावसकर. माणसाच्या त्वचेला काय लावावे आणि काय लावू नये, या विषयावर त्यांनी चाळीस वर्षे संशोधन केले होते.

आत्याआजीने वही वाचून शांतपणे मिटली.

“छान. चार वर्षांच्या मुलीवर आरोप ठेवला आणि साक्षीदार तपासलाच नाही.”

“साक्षीदार कोण?” केतकीने विचारले.

“तिची त्वचा. ये गो तारिणी, इकडे.”

“तू दुखवणार?” तारिणी म्हणाली.

“मी हातसुद्धा लावणार नाही. बघणार केतकी. केतकी, कुठे कुठे काय झालंय ते सांग. का झालं ते आत्ता सांगू नकोस.”

केतकीने नीट पाहिले. नाक, कान, खांदे भाजलेले. पण आणखीही काही होते. मानेच्या वळीत, गुडघ्यांच्या मागे आणि फ्रॉकच्या पट्टीखाली बारीक पुरळ उठले होते. तारिणी ते सारखे खाजवत होती.

“हे पुरळ उन्हाचं नाही,” केतकी सावकाश म्हणाली.

“कशावरून?”

“पट्टीखाली ऊन पोचतच नाही.”

“मग तिथे काय पोचलं?”

केतकीने पट्टी पुन्हा उचलून पाहिली. “लेप.”

“म्हणजे गुन्हे दोन आणि गुन्हेगारही दोन,” आत्याआजी म्हणाली. “ऊन लेपातून आत शिरलं, हा एक. आणि लेपानंच पुरळ उठवलं, हा दुसरा. समितीनं दोघांना सोडलं आणि जिला मार बसला तिलाच शिक्षा दिली.”

त्याच संध्याकाळी आईने तारिणीला तालुक्याच्या त्वचारोगतज्ज्ञांकडे नेले. त्यांनी तो लेप ताबडतोब बंद करायला सांगितला, पुरळावर औषध दिले आणि त्वचा पूर्ण बरी होईपर्यंत नवे काहीही लावू नका, असे बजावले. तारिणी पाच दिवस घरी राहिली. केतकीला तेवढे दिवस तपासाला पुरेसे होते.

पहिला संशयित होता तो लेपच. त्याचे नाव ‘उजळबाळ १००’. नळीवर एका गोऱ्या, गुबगुबीत बाळाचे चित्र होते आणि खाली लिहिले होते : ‘कोमल, नैसर्गिक, मोगऱ्याच्या सुगंधासह’.

“पुढची बाजू वाचू नकोस,” आत्याआजी म्हणाली. “ती जाहिरातवाल्यानं लिहिलेली असते. मागची बाजू कायद्यानं लिहायला लावलेली असते. खरं बोलण्याची सक्ती फक्त मागे आहे.”

मागे बारीक अक्षरांत पंचवीस पदार्थ होते. त्यांत सुगंधद्रव्ये तीन.

“तारिणीची त्वचा संवेदनशील आहे (म्हणजे तिचं वरचं आवरण कोरडं आणि नाजूक असल्यानं बाहेरचे पदार्थ तिला लवकर त्रास देतात),” आत्याआजीने समजावले. “अशा त्वचेला सर्वांत जास्त सतावणाऱ्या पदार्थांत सुगंध येतो. उन्हापासून वाचवण्यात मोगऱ्याचा काडीचा उपयोग नाही. तो मुलासाठी घातलेलाच नसतो, तो आईबापांच्या नाकासाठी असतो.”

“आणि ‘नैसर्गिक’?”

“खाजकुइलीही नैसर्गिकच असते. अंगाला लावशील?”

तारिणी खुदकन हसली. तिला खाजकुइली ठाऊक होती.

“पण शंभर म्हणजे पुष्कळच ना?” केतकी आकड्यापाशी अडली होती.

आत्याआजीने तांदळाचा डबा उघडला. “नळीवर ‘एसपीएफ’ म्हणून छापतात, तो हा सूर्यसंरक्षण अंक (लेप भाजणाऱ्या किरणांपैकी किती अडवतो याचं माप). समज, असे शंभर किरण आले.” तिने शंभर दाणे मोजून ताटात ओतले. “अंक तीस असेल, तर साधारण तीन किरण आत जातात. पन्नास असेल, तर दोन. शंभर असेल, तर एक.” तिने तीन दाणे बाजूला काढले, मग त्यातला एक परत टाकला, मग आणखी एक. “तीस आणि शंभर यांत किती दाण्यांचा फरक?”

“दोन.” केतकी ताटाकडे पाहतच राहिली. “फक्त दोन?”

“फक्त दोन. आणि तेही प्रयोगशाळेत लावतात तेवढा जाड थर लावला तर. थर अर्धा केला, तर शंभरातले पन्नास उरत नाहीत, त्याहून फार कमी उरतात. आकडा नळीवर छापलेला असतो, अंगावर नाही.”

“म्हणजे लेपोबानं थर पातळ लावला?”

“ते मी कशाला सांगू? त्यालाच विचारू.”

शाळा सुटल्यावर लेपोबा व्हरांड्यात उभा होता. त्याच्या हातात एक मऊ फडके होते.

“लेपोबा, तू एका मुलाला किती लेप लावतोस?” केतकीने विचारले.

“चेहरा आणि मान यांना त्या मुलाच्या दोन बोटांभर. इतर अंगाला त्या प्रमाणात. हे शास्त्रीय प्रमाण आहे.”

केतकीचा चेहरा पडला. प्रमाण तर बरोबर होते.

“नंतर मी तो पुसतो,” लेपोबा पुढे म्हणाला.

“पुसतोस?”

“आज्ञा क्रमांक सतरा : पांढरेपणा शून्य. गेल्या स्नेहसंमेलनाच्या छायाचित्रात मुले पिठात लोळल्यासारखी दिसली, अशी पालकांची तक्रार आली. त्यामुळे माझा कॅमेरा आता पांढरा रंग शोधतो आणि तो दिसेनासा होईपर्यंत मी फडक्याने पुसतो. हे काम मी फार काळजीपूर्वक करतो.”

आत्याआजीने विचारले, “एकूण लेपापैकी मुलाच्या अंगावर किती राहतो आणि फडक्यावर किती?”

“मुलावर एक भाग. फडक्यावर तीन भाग.”

“मग त्या फडक्याला उन्हाचा अजिबात त्रास होत नसेल.”

“होत नाही,” लेपोबा प्रामाणिकपणे म्हणाला.

आता नवा लेप निवडायचा होता. केतकी औषधांच्या दुकानात गेली आणि तिने एकाही नळीची पुढची बाजू पाहिली नाही. दुकानदार म्हणाला, “अगो, सरळ धर की नळी.” ती म्हणाली, “सरळच धरलीय.” तिच्या वहीत आत्याआजीचे निकष होते. सुगंध नको. अंक तीस किंवा त्याहून थोडा जास्त पुरे. अतिनील किरण (उन्हातले, डोळ्यांना न दिसणारे किरण) दोन जातींचे असतात : वरची त्वचा भाजणारे आणि खोल शिरून हळूहळू नुकसान करणारे. लेप दोन्ही जातींवर चालतो, असे मागे स्पष्ट लिहिलेले हवे. आणि किरण अडवण्याचे काम झिंक ऑक्साइडने केलेले हवे. ही एक पांढरी खनिज पूड असते. ती त्वचेच्या वरच राहते आणि बहुतेक अतिनील किरण स्वतःच गिळून टाकते, शिवाय नाजूक त्वचेला सहसा डिवचत नाही.

“सहसा,” आत्याआजीने त्या शब्दाखाली रेघ मारली. “माझ्यावरही विश्वास ठेवू नकोस. तपास.”

पुरळ पूर्ण बरे झाल्यावर त्यांनी तारिणीच्या हातावर, कोपराच्या आतल्या बाजूला, वाटाण्याएवढा लेप लावला आणि दोन दिवस वाट पाहिली. लाली नाही, खाज नाही. तारिणी मात्र तासातासाला हात पुढे करून विचारत होती, “झालं का काही?” आणि काहीच झाले नाही म्हणून थोडी खट्टू होत होती.

शनिवारी भर दुपारी पालकसभा भरली. समितीचे अध्यक्ष शेट्येकाका तसे सज्जन गृहस्थ होते. सज्जन माणसे अन्यायही मृदू आवाजात करतात, एवढाच काय तो फरक.

“डॉक्टरबाई, तुमच्या भावना मी समजतो,” ते म्हणाले. “पण बाकीच्या मुलांना काही झालं नाही. आणि काचघरात पोरीचं भलंच आहे. ऊन नाही, त्रास नाही.”

“साधी काच भाजणारे किरण अडवते. खोल शिरणारे बरेचसे आत येऊ देते,” आत्याआजी म्हणाली. “तुम्ही तिला उन्हातून काढून उन्हातच बसवताय, फक्त खेळ तेवढा काढून घेताय. पण मी भावना घेऊन आलेले नाही. केतकी, आरसा दाखव.”

केतकीने ताटाएवढा एक पडदा उभा केला. हा आत्याआजीच्या संशोधनातला अतिनील-आरसा होता. साध्या आरशात आपल्याला दिसणारा प्रकाश दिसतो, या आरशात फक्त अतिनील किरण दिसत. जिथून ते परत फिरत तो भाग फिकट दिसे, आणि जिथे ते गिळले जात तो भाग काळा.

“काका, तुमचा हात द्या,” केतकी म्हणाली. “लेपोबा, काकांच्या डाव्या हाताला रोजच्यासारखा लेप लाव आणि रोजच्यासारखा पूस. उजव्या हाताला मी हा दुसरा लावते. मी पुसणार नाही.”

अंगणाच्या उन्हात शेट्येकाकांनी दोन्ही हात पुढे धरले. डावा स्वच्छ, नेहमीचा. उजवा चुना फासल्यासारखा पांढरट. पालकांत खसखस पिकली. मग सगळ्यांनी आरशात पाहिले आणि हसू थांबले. आरशात डावा हात राखाडी होता, जागोजागी उघडा पडलेला. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत शाईसारखा काळा होता.

“तुमच्या डोळ्यांना जो पांढरा दिसतो, तो सूर्याला काळा दिसतो,” केतकी म्हणाली. “काळा म्हणजे लेपानं किरण गिळले, त्वचेत जाऊ दिले नाहीत. लेपोबा रोज हेच पुसून काढत होता, कारण तुम्हाला फोटोत पोरं नीटनेटकी हवी होती. बाकीच्यांना काही झालं नाही म्हणता. त्यांना उभं करा आरशापुढे.”

सकाळी लेपोबाने लेप लावलेली मुले एकामागून एक आरशापुढे आली. सगळी राखाडी. एका आईने आपल्या मुलाचा कान वळवून पाहिला. तिथली कातडी सुटत होती. “खेळताना खरचटलं असेल असं मला वाटलं,” ती हळूच म्हणाली.

“तारिणीची त्वचा सदोष नाही,” आत्याआजी म्हणाली. “ती आधी बोलली, इतकंच. तिचा सावळा रंगसुद्धा थोडं ऊन अडवतो. पुरेसं नाही, म्हणून लेप लागतो. पण ‘उजळबाळ’ लावून त्या रंगाला उजळायला निघालेल्यांनी निदान स्वतःला रक्षणकर्ते म्हणवून घेऊ नये.”

शेट्येकाका म्हणाले, “लेप बदलू. पण स्नेहसंमेलनाच्या फोटोत मुलं...”

“आम्ही पांढऱ्या नाकांनी उभे राहू,” केतकी म्हणाली. “ज्यांना पीठ आठवेल त्यांनी फोटो बघू नये. आणि काका, सूचना नुसती काढू नका. तिथेच लिहा, की दोष त्वचेत नव्हता.”

शेट्येकाकांनी एकदा आपल्या पांढऱ्या उजव्या हाताकडे पाहिले. मग ते फलकापाशी गेले, ‘त्वचेत दोष’ हे शब्द खोडले आणि वर लिहिले : ‘आज्ञा क्रमांक सतरामध्ये दोष’. खाली सही केली. अक्षर थोडे वाकडे आले, पण वाचता येत होते.

त्या दिवशी आणखी काही ठरले. लेप ही शेवटची ढाल. आधी सावली, मग टोपी आणि लांब बाह्यांचे सुती कपडे, आणि मग लेप, तोही दर दोन तासांनी नव्याने. आपली सावली आपल्याहून आखूड झाली की मैदान सोडायचे, हा नियम मुलांनाच पाळायला दिला. दर्यावर्दींच्या घरांतून जुनी शिडे निघाली आणि मैदानावर ताणून बांधली गेली. कडेने लेपोबाने जांभा फोडून उंडीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या दाट सावलीच्या झाडाची, बारा रोपे लावली. त्यांची सावली पडू लागेल, तेव्हा तारिणी केतकीएवढी झालेली असेल.

सोमवारी सकाळी बालवाडीच्या व्हरांड्यात मुलांची रांग लागली होती. लेपोबाच्या हातात फडके नव्हते. त्याच्या शेजारी अतिनील-आरसा टांगलेला होता.

“आज्ञा क्रमांक सतरा रद्द झाली आहे,” लेपोबा म्हणाला. “नवी आज्ञा अजून कुणी दिलेली नाही.”

रांगेत सर्वांत पुढे तारिणी होती. तिने आरशात पाहिले, हनुवटी वर केली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

“मला काळी कर,” ती म्हणाली. “खूप काळी.”