ओढगंध

तिरखुरीच्या मँगनीज खाणीत उतरायचं, तर आपलं माणूस लांब ठेवावं लागे. हेल्मेट, दोर आणि विरह, अशी तिथली सुरक्षेची सामग्री होती. कामगार वसाहतीत एकही संसार नव्हता आणि त्याचं कोणाला नवलही वाटत नव्हतं.

खोल बोगद्यात आग लागली की धुरात डोळे निकामी होतात, भोंगा भिंतींवर आपटून सगळीकडूनच वाजतो आणि घाबरलेला माणूस शंभरदा घोकलेली वाट विसरतो. वास मात्र बुद्धीची परवानगी मागत बसत नाही. तो नाकातून थेट मेंदूतल्या आठवणींपाशी पोचतो. म्हणून खाणीच्या सुरक्षेचं काम पाहणाऱ्या डॉ. शर्वरी मोघे यांनी प्रत्येकाच्या मुखवट्यात त्याच्या जिवलगाचा वास भरला होता. धूर झाला की मुखवट्यातली वासाची कुपी उघडे. आसराघराकडे, म्हणजे खाणीतल्या हवाबंद सुरक्षित खोलीकडे, पाऊल पडलं की वास वाढे. वाट चुकली की विरे. कळपातून वासरू आपल्याच आईपाशी जातं, तसा माणूस धुरातून चालत येई. याला त्या ओढगंध म्हणत. अट एकच, मुळात ओढ हवी. ज्यांचं माणूस रोज घरी भेटे, ते धुराच्या तालमीत भरकटत. दुरून डोंगर साजरे म्हणतात ना, त्या डोंगरावर मोघेबाईंनी अख्खं शास्त्र उभं केलं होतं.

हेमराज लांजेवारला मात्र या शास्त्राचा कंटाळा आला होता. लग्नानंतर वर्षभरातच तो खाणीत आला आणि देवांगना नागपूरला नर्स झाली. तपभर त्यांचा संसार सुट्ट्यांपुरता झाला. त्याला रोज संध्याकाळी तिच्यासोबत चहा प्यायचा होता, एवढंच.

"तालमीत नापास झालो तर वर काम मिळते ना, मॅडम? अन् कुटुंब आणता येते?"

"मिळतं. पण मुद्दाम भरकटलात तर नाडी सांगते." मग मोघेबाई आवाज उतरवून म्हणाल्या, "महिनाभर बायकोला आणून ठेवा. सहवासानं ओढ आपोआप उतरते. लबाडी करावीच लागणार नाही."

देवांगना रजा काढून आली. वसाहतीच्या फाटकाबाहेर त्यांनी खोली घेतली. तिने केस आखूड केले होते आणि चहा कधीच सोडला होता. त्याच्यापुरता ती करून देई, आणि दोघं समोरासमोर बसून पाहुण्यांसारखं जपून बोलत.

"पंखा लावू?"

"राहू दे. तुले थंडी वाजंल."

तालीम झाली की सगळं सुरळीत होईल, असं दोघांनाही वाटे. त्या सकाळी दारात ती म्हणाली, "फेल होऊन या."

"तू जवळ असताना पास कसा होईन?" तो हसला.

बोगद्यात धूर सोडला. हेमराज आरामात उभा राहिला. कुपी उघडली आणि मोहफुलं, खोबरेल, पहाटेच्या थंडीतला हलका घाम असा सगळा वास एकदम आला. त्याचा जीव कासावीस झाला. थांब, थांब, असं तो पायांना सांगत होता आणि पाय त्याचं ऐकत नव्हते. सगळ्यांच्या आधी तो आसराघराच्या दाराशी पोचला, तेव्हा तो रडत होता.

वर देवांगना हे पडद्यावर पाहत होती. तिने मोघेबाईंना विचारलं, "त्यात वास कोनाचा आहे?"

"तुमचाच. लग्नाच्या वर्षीच्या ओढणीतून काढलेला."

"पन मी तर इथंच आहो."

मोघेबाईंनी पडदा बंद केला.

हेमराज वर आला. त्याची मान खाली होती. "मले खरंच फेल व्हायचं होतं, देवांगना."

"माहीत आहे मले."

तिने त्याच्या हातातला मुखवटा घेऊन नाकाशी धरला. त्यात अजून थोडा वास रेंगाळत होता. मुखवटा परत देताना तिचे डोळे भरले होते, पण राग कुठेच नव्हता, आणि त्यानेच तो जास्त घाबरला.

"मोह वेचाले जायची, तेव्हाची आहे ही," ती म्हणाली. "मलेही लय आठवते ती."

दुपारच्या बसने ती नागपूरला गेली. दुसऱ्या दिवशी पाळीवर उतरण्याआधी हेमराजने मुखवटा हुंगून पाहिला. नवी कुपी घट्ट बंद होती. लिफ्टचा पिंजरा खाली सरकू लागला, आणि तो आग लागण्याची वाट पाहू लागला.