आरशामागचा खांब

"आरशात बघूनच बोला. समोर बघितलं की तुम्ही लाजता," चेतन म्हणाला, आणि मयुरीच्या हातातली मोजपट्टी सटकन गुंडाळली गेली.

सुरतच्या गोपीपुऱ्यातलं ते लाकडी सांगाड्याचं जुनं घर. वर दोन कुटुंबं राहत, खाली साड्यांची दुकानं. दुकानांसाठी मधल्या भिंती पाडलेल्या, त्यामुळे सगळा भार सागाच्या खांबांवर. घरमालकानं ते तपासायला इंजिनिअर म्हणून मयुरीला नेमलं होतं. चेतनच्या दुकानातला खांब प्लायवूडनं मढवलेला, त्यावर उंच आरसा. साडी स्वतःच्याच खांद्यावर टाकून तो गिऱ्हाइकाला दाखवायचा, आणि आरशातून मयुरीला विचारायचा, "शोभते?"

"साडी शोभते. मिशी नाही."

सुरतेत दुकानदार बाईमाणसाला 'बेन', म्हणजे बहीण, म्हणतो. चेतनही दिवसभर "आवो बेन, बेसो बेन" करायचा. मयुरीला मात्र एकदाही नाही.

"मला नाही म्हणत बेन?"

"म्हणू?"

"...नको."

बारा दिवस असेच गेले. सगळे खांब झाले, एवढा एकच उरला.

"आरसा काढावा लागेल," ती म्हणाली.

त्यानंच स्क्रू काढले, आरसा उतरवला, मागचं प्लायवूडही. मागून कुबट वास आला. एसीच्या पाण्याची नळी दिसायला वाईट, म्हणून त्यानंच ती प्लायवूडच्या आत दडवली होती. ती कधीपासून ठिबकत होती, कुणास ठाऊक. मयुरीनं खांबाला पेचकस टेकवला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"लग्नसराई होऊ दे, मग अहवाल लिही," तो हळूच म्हणाला. "पांडेसऱ्याच्या मिलमध्ये बाबांचा जन्म गेला, तेव्हा पागडी भरून हा गाळा मिळाला. तीन महिने फक्त... माझ्यासाठी, मयुरी."

या एकेरी हाकेची ती बारा दिवस वाट बघत होती. आली ती अशी.

"वर माणसं झोपतात, चेतन."

"लाकडाचं ऐकतेस. माझं नाही."

तिनं त्याच दुपारी अहवाल दिला. खांब बदलायचा, म्हणजे दुकान रिकामं करायचं. आणि मालकाला तो गाळा परत द्यायचाच नव्हता, हे पुढच्याच आठवड्यात कळलं.

लोखंडी टेकू तपासायला ती गेली, तेव्हा चेतन शेवटचे गठ्ठे टेम्पोत चढवत होता. आरसा रस्त्यावर भिंतीला टेकवलेला. तिनं त्यात बघितलं. तो बघत नव्हता.

ती उंबऱ्यात अडखळली.

"सांभाळून, बेन," तो म्हणाला.

आवाज अगदी गोड होता... गिऱ्हाइकाशी असतो तसा.