सिक्स्टनचा कोपरा

गोथेनबर्गला डिसेंबरात दुपारची कॉफी संपते न संपते तोच अंधारून येतं. इंगालिल्लचं काम तसं किरकोळच उरलं होतं. गुरू ग्रहाकडे निघणाऱ्या यानातल्या किरणमापकाची चिप तिच्या गटाने आखली होती, आणि तिचा आराखडा उद्या कारखान्यात जायचा होता. चिपच्या रिकाम्या कोपऱ्यात केसाहून बारीक असं काहीतरी कोरून ठेवायचं, ही चिप आखणाऱ्यांची जुनी खोड. यंदा तिथे सिक्स्टनचं आद्याक्षर बसवायचं होतं. इंगालिल्लला हे काम हाताला धरून शिकवलं ते त्यानेच. ही चिप अर्धी टाकून तो ऑक्टोबरात वारला.

"आटप गं लवकर," गटप्रमुख इंगवे दारातून म्हणाला. "म्हाताऱ्याचं एक अक्षर काढायला काय मुहूर्त लागतो?"

"तू हो पुढे. मी कुलूप लावते."

तो गेला. तिने कोपऱ्यात अक्षर काढलं. पडदा जरासा थरथरला आणि अक्षर भलतीकडेच, तारांच्या दाटीत जाऊन बसलं. तिने ते परत आणलं. ते पुन्हा तिथेच गेलं. खोलीत सिक्स्टनच्या आवडीच्या वेलदोड्याच्या पावाचा वास दरवळला... मागची त्याची रिकामी खुर्ची कुरकुरली... तिला भीती वाटली, आणि भीतीपेक्षाही त्याची फार आठवण आली.

"सिक्स्टन...? चेष्टा पुरे हं..."

अखेर तिने ती जागाच तपासायला घेतली. अंतराळातल्या किरणांनी एखादा आकडा उलटला तरी चिप फसू नये, म्हणून तिथे तीन सारखी मंडलं, म्हणजे सर्किटं, एकच हिशेब आपापला करतात. प्रत्येकाचं उत्तर म्हणजे एक मत; दोघांचं जुळेल ते खरं. पण आराखडा आटोपशीर करणाऱ्या प्रणालीने तीन जुळी पाहिली आणि आगाऊपणा करून दोन पुसून टाकली. चाचणीत काही कळलंच नव्हतं, कारण एकच मंडल तीनदा 'हो' म्हणत होतं. यान वाटेतच आंधळं झालं असतं, आणि तिथे दुरुस्तीला कोण जाणार होतं!

"अगं, यंत्राला काटकसर शिकवू नकोस," असं सिक्स्टन कितीदा बजावायचा.

तिने दोन्ही मंडलं परत बसवली. मग अक्षर मुकाट्याने कोपऱ्यात राहिलं.

"लबाड म्हातारा," ती रडता रडता हसली.

वसंतात चिप तयार होऊन आली. तिला किरणांच्या माऱ्याखाली ठेवलं, मंडलं मतं देऊ लागली, आणि इंगवेने आकडे पुन्हा मोजले.

"इंगालिल्ल... मंडलं तीनच बसवलीस ना?"

"तीनच."

"मग मतं चार कशी येतायत...?"

ती वाकून पाहत राहिली. चौथं मत दर वेळी, बाकीच्या तिघांपर्यंत प्रश्न पोचायच्या आतच कोपऱ्यातून येत होतं.