एक तास पुढे

नियंत्रणकक्षात चार पडदे होते, दोन खुर्च्या, सोपाइपियांची – तळलेल्या भोपळ्याच्या पुऱ्यांची – एक ताटली आणि मधोमध एक हीटर. खुर्च्यांमधलं अंतर दीड मीटर. हीटरच्या अल्याड फ्रेसिया, पल्याड अन्सेल्मो.

दुर्बिणीचा नेहमीचा चालक तापाने पडला, म्हणून आज अन्सेल्मो आला होता. ओळख संध्याकाळचीच – जेवणघरात दोघांनी एकाच सोपाइपियावर हात टाकला होता, आणि त्याने हसून ताटलीच उचलून आणली होती.

"डॉक्टरीणबाई, हा तुमचा तारा?" त्याने पडद्यावर बोट ठेवलं.

"अजून डॉक्टर झाले नाही. आणि हा माझा तारा नाही!"

पडद्यावर तारे होते, टाचणीच्या टोकासारखे रेखीव... पण सगळे अनोळखी. तिचा स्फोट झालेला तारा दोन वाजता डोंगराआड जाणार होता, आणि तिच्या वाट्याला एवढी एकच रात्र होती. तिने कॅमेरा बंद करून चालू केला. केबल बदलली. सॉफ्टवेअर पुन्हा बसवलं. तारे तेच, परकेच.

"कॅमेऱ्याला सर्दी झाली असेल," तो म्हणाला. "थोडा चहा पाजूया?"

तिचा तोल गेला. तिने वॉकीटॉकी उचलला – ज्यावर अख्खा डोंगर ऐकतो, स्वयंपाक्यापासून फाटकावरच्या पहारेकऱ्यापर्यंत – आणि म्हणाली, "दोन नंबरच्या घुमटात असा चालक दिलाय, ज्याला दुर्बीण कुठे रोखायची तेच कळत नाही!"

खरखर झाली. मग वेधशाळेचे प्रमुख एव्हारिस्तोसाहेबांचा आवाज आला, "अन्सेल्मो, ही तिसरी तक्रार. उद्या ऑफिसात ये. कराराचं बोलू."

अन्सेल्मोने फक्त ताटली तिच्याकडे सरकवली.

फ्रेसियाने मान खाली घालून शेवटचा उपाय केला – अनोळखी तारे नकाशाशी जुळवले. उत्तर आलं. दुर्बीण पंधरा अंशांनी चुकत होती.

पंधरा अंश. आकाश तासाभरात फिरतं तेवढं.

काल रात्री देशभरात घड्याळं उन्हाळ्यासाठी तासभर पुढे गेली होती, आणि आज संध्याकाळी तिने मोठ्या हौसेने दुर्बिणीचंही घड्याळ पुढे केलं होतं. ते घड्याळ साऱ्या जगाच्या एकाच वेळेवर चालतं. देशाने काहीही करो, त्याला हात लावायचा नसतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना ती स्वतःच हे शिकवायची!

कानांच्या पाळ्या तापल्या. गुपचूप तास मागे घेतला असता तर कुणाला कळलंही नसतं... तिने त्याच्याकडे पाहिलं. तो खिडकीकडे तोंड करून बसला होता.

तिने वॉकीटॉकी उचलला.

"मी फ्रेसिया. चूक माझी आहे. दुर्बिणीचं घड्याळ मी पुढे केलं. अन्सेल्मोने दुर्बीण बरोबर रोखली होती. एव्हारिस्तोसाहेब, तक्रार माझ्या नावावर लिहा... आणि त्याची माफी मी सगळ्यांसमोर मागते."

खरखर. मग स्वयंपाकी म्हणाला, "पोरी, मीसुद्धा आज नाश्ता तासभर उशिरा दिला." डोंगरभर हशा पिकला. एव्हारिस्तोसाहेब खाकरले. "तक्रार रद्द. कामाला लागा."

तिने चेहरा ओंजळीत लपवला. "बघू नका माझ्याकडे."

"तीच तर अडचण आहे," अन्सेल्मो हळूच म्हणाला. "रात्री सुरू करण्याआधी घड्याळ तपासणं माझं काम. तू ते पुढे करत होतीस, तेव्हा मी तुझ्या शेजारीच उभा होतो."

"मग... बोलला का नाहीस?"

"घड्याळाकडे बघत नव्हतो ना." आता कान त्याचे लाल झाले होते. "तुझ्या कपाळावर पीठ लागलं होतं. सोपाइपियाचं. ते कसं सांगावं, याचाच विचार करत होतो."

तिने झटकन कपाळ पुसलं.

"आता डाव्या बाजूला..." तो म्हणाला, आणि उठून त्याने स्वतःच्या बाहीने ते पुसलं. फार वेळ लावून.

तिने घड्याळ तासभर मागे घेतलं. घुमट घरघरत फिरला. पडद्याच्या बरोबर मध्यभागी तिचा तारा उगवला – डोंगराआड जायला अजून पाऊण तास होता.

"हीटर मधे येतोय," फ्रेसिया म्हणाली, पडद्यावरून नजर न हलवता.

अन्सेल्मोने तो भिंतीशी नेऊन ठेवला.

दोन वाजता तारा मावळला. हाती आलेली छायाचित्रं नऊ. खुर्च्यांमधलं अंतर बारा सेंटिमीटर.