गुलामाचं मागणं

पाऊस थांबला होता, पण अरामेच्या अंगणातलं पाणी हटायचं नाव घेत नव्हतं. डाकार शहराच्या कडेची ती सगळी वस्तीच तशी बुडालेली. गुडघाभर हिरवट पाण्यातून ती एक भिजलेली गादी ओढत होती, तेवढ्यात खांद्यावर पंपाचा पाइप टाकलेला एक तरुण फाटकातून आत आला.

"आडनाव?" त्यानं विचारलं.

"न्जाय. का?"

"अरेरे!" त्यानं पाइप खाली ठेवला. "मग राहू दे पाणी. न्जायांपेक्षा बेडूक बरे."

"आणि तू कोण?"

"मातार जोप."

"तरीच! मालकिणीशी असं बोलतात होय रे, गुलामा? चल, गादीचं ते टोक धर."

त्यानं मुकाट्यानं धरलं. न्जाय आणि जोप भेटले की असंच चालायचं. एकमेकांना गुलाम म्हणायचं, चोर म्हणायचं, भातखाऊ म्हणायचं. रागावला तो हरला. पणजोबांच्याही आधीपासूनची रीत.

वस्तीतल्या पोरांनी मिळून आणलेला पंप मातार चालवी. रोज सकाळी तो अंगण उपसून जाई, आणि रात्रीतून पाणी जमिनीखालून, फरशांच्या सांध्यांतून पुन्हा वर येई. घरातले सगळे कपाळाला हात लावत. अरामेला मात्र त्याचं पूर्वीइतकं वाईट वाटेनासं झालं होतं. पाणी संपलं, तर पंप कशाला येईल?

एके सकाळी दारापासून रस्त्यापर्यंत जुने टायर मांडलेले दिसले. प्रत्येकात वाळू ठासून भरलेली.

"हे कुणी केलं?"

"कुणी का करेना. तुझे ते पसरट पाय भिजले की सगळ्या वस्तीत वास सुटतो."

शेवटचा टायर डळमळत होता. मातारनं हात पुढे केला. तळवा गरम होता, डिझेलचा वास येत होता... ती रस्त्यावर पोहोचली, तरी हात कुणीच सोडला नाही.

"अरामे," तो हसत म्हणाला, "शुक्रवारी मामांना रीतीप्रमाणे कोलाच्या बिया घेऊन पाठवतो. तुझ्या बाबांकडे, मागणी घालायला."

तिच्या काळजात लक्कन हललं. पण समोरच्या पायरीवर शेजारणी कान टवकारून बसल्या होत्या, आणि तोंडाला सवय जडलेली...

"पाठव की! पण आमचा भात संपवू नका म्हणावं!"

शेजारणी खो-खो हसल्या. मातारही हसला. जरा उशिरानं.

दुपारी जेवताना बाबांनी विषय काढला. "थिएसहून तुझ्यासाठी विचारणा आलीय. कापडाचा व्यापारी आहे. घर उंचावर, कोरडं. तुझ्या आईची छाती या ओलीनं सारखी वाजतेय, तिलाही घेऊन या म्हणतात. शुक्रवारी नमाजानंतर लग्न लावून टाकू. पण पोरी, मी जबरदस्ती करणार नाही. मनात कुणी असेल तर आत्ताच सांग."

घास तिच्या बोटांतच राहिला. आहे म्हणावं... तर काय सांगायचं? जोपांच्या पोरानं चेष्टेत मागणी घातली म्हणून? बाबासुद्धा हसले असते.

आतल्या खोलीत आई खोकत होती. खोकला थांबेचना.

"नाही, बाबा," ती म्हणाली.

शुक्रवारी पुरुषांनी मशिदीत तिचं लग्न लावलं. नवरी तिथं लागतच नाही. ती घरी ओल्या चादरी वाळत घालत होती. उन्हं कलल्यावर टायरांवरून तोल सावरत दोन म्हातारे आले. इस्त्रीचे पायघोळ झगे गुडघ्यांवर उचलून धरलेले. एकाच्या हातात कोलाची पुडी होती.

"आम्ही मातारचे मामा," तो म्हणाला.

बाबांना हसू आवरेना. "या जोपांची कमाल आहे! आजही चेष्टा? अहो, तिचं लग्न दुपारीच लागलं!"

म्हातारा हसला नाही. त्याच्या मुठीतून झग्याचा घोळ सुटून पाण्यात पडला, तेही त्याला कळलं नाही. त्याच्या तोंडाकडे पाहता पाहता बाबांचं हसू विझत गेलं. दाराआड अरामे चादर घट्ट धरून उभी होती.

दुसऱ्या दिवशी रस्त्यावर गाडी येऊन उभी राहिली. आईला आधी बसवलं. पंप चालू होता, आणि मातार पाठमोरा, पाइप धरून.

"खरंच मनात होतं, तर नीट का नाही सांगितलंस?" तिनं हळूच विचारलं.

"सांगितलं होतं."

"असं? हसत हसत?"

"न्जायांच्या पोरीशी दुसरं कसं बोलतात, ते मला कुठं माहीत होतं?"

ती टायरावर तशीच उभी राहिली. "गुलामा..." तिनं हाक मारली. त्यानं काहीतरी वाकडं बोलावं. तिच्या पायांना, आडनावाला, भाताला, कशालाही नावं ठेवावीत...

मातारनं पाइप खाली ठेवला. डळमळता टायर पायानं दाबून धरला. हात मात्र पुढे केला नाही.

"जपून जा, वहिनी," तो खाली बघत म्हणाला. "हा टायर हलतो."